स्थान आणि अर्थ : डी-थ्रीमधील विदा-वाचनाचा एक दोष

डी-थ्री हा जावास्क्रिप्टमधील ग्रंथसंच २०११ साली सिद्ध झाला. तक्त्याची धारिका वाचणारे ‘सीएसव्ही’ हे त्यातील एक फलन. धारिकेच्या पत्त्यानंतर दिलेले दुसरे फलन पूर्वी सर्व विदा हाती आल्यावर एकदाच चाले. त्यास प्रथम दोष व मग विदा मिळे. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याच स्थानावरील फलन प्रत्येक ओळीगणिक चालते. परिणामी जुन्या लेखनात पहिली ओळच ‘दोष’ समजली जाते आणि निर्दोष धारिका सदोष भासते.

‘रामाने रावणाला मारले’ यातील पदक्रम पालटला तरी कर्ता कोण, हे विभक्ती सांगते. येथे विभक्ती नाही. स्थान हाच प्रत्यय. म्हणून स्थानाचा अर्थ बदलणे म्हणजे व्याकरणच बदलणे होय. ‘प्रॉमिस’वर आधारलेली नवी रीत अधिक सुटसुटीत आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या रूपाने मुकाट्याने नवा अर्थ धारण करावा, याचे समर्थन होत नाही. ते स्पष्टपणे नाकारले जावयास हवे होते. तूर्त अभ्यासकाने धारिकेवर संशय घेण्यापूर्वी आवृत्ती पाहावी, आणि विदेवरील पुढील कार्य ‘देन’ या पदाकडे सोपवावे.