शाहिरी : मंडपात आणि न्यायालयात

लोकशाहीर संभाजी भगत यांची वाटचाल आंबेडकरी जलशाच्या परंपरेतील खरी. परंतु ते त्या चौकटीत थांबले नाहीत. 2012 मधील 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची संकल्पना व संगीत त्यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे. शिवरायांचा वारस कोण, हा प्रश्न तेथे शाहिरांच्या सवालजबाबातून लढविला जातो. गाणे हाच युक्तिवाद होतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटाचे संगीतही भगतांचेच. गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली ती शाहिराच्या गीतामुळे, असा त्यातील आरोप. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार (निधन 2021) हे चळवळीतलेच कार्यकर्ते. कॅमेरा स्थिर राहतो, गाणे तोडले जात नाही, हा संयम मोलाचा. (चित्रपटसंगीतात असा मान शाहिरीला क्वचितच मिळतो.) पुढे तेच गीत न्यायालयात निर्जीव पुराव्याचे रूप घेते, तेव्हा त्यातील हरवलेला स्वर आपल्याला अधिकच जाणवतो.

तरीही एक उणीव बोचते. चित्रगृहातील प्रेक्षक मूकपणे ऐकतो. कर्जत-कळंबकडील वस्तीत भीमजयंतीच्या मंडपातला श्रोता मात्र पालुपद स्वतः उचलतो, चुकला तरी उचलतो. आणि भगतांचे गाणे त्या कोरसावाचून अर्धेच राहते.