औषधयोजनेतील प्रादेशिक भेद : एक पद्धतिविचार

एकाच रोगावर निरनिराळ्या प्रदेशांतील डॉक्टर निरनिराळी औषधे लिहून देतात, ही गोष्ट नवी नाही. नवा आहे तो लक्षावधी चिठ्ठ्यांच्या नोंदी एकत्र करून, कोणता प्रदेश सर्वसाधारण प्रथेपासून दूर गेला आहे हे गणिताने शोधण्याचा प्रयत्न. इंग्लंडमध्ये प्रत्येक दवाखान्याच्या औषधयोजनेचे आकडे दरमहा प्रसिद्ध होतात, आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील ‘ओपनप्रिस्क्रायबिंग’ हा उपक्रम त्यांची तुलना कोणासही पाहता येईल अशा रूपात मांडतो. असे काही आपल्याकडे व्हावे, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु या पद्धतीची गृहीतके तपासल्यावाचून ती उचलणे धोक्याचे ठरेल. ही तपासणी करण्यास बोलीभूगोलाचा अभ्यासक अनधिकारी नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे जे काम झाले, त्यातही नकाशावर दिसणारा भेद खरा कोणता आणि नोंदीमुळे भासणारा कोणता, हाच प्रश्न पदोपदी उभा राहतो.

जर्मनीत व्हेंकर याने १८७६ पासून शाळामास्तरांकडे टपालाने वाक्ये पाठवून त्यांची बोलीरूपे मागविली. प्रत्येक मास्तराने ती आपल्या कानास व लेखणीस सुचतील तशी लिहिली. फ्रान्समध्ये झिलिएरों याने याउलट एदमों या एकाच माणसास गावोगाव धाडले. कारण ऐकणारा एकच असला, तर आढळलेला भेद बोलणाऱ्यांचा असतो, टिपणाऱ्यांचा नव्हे. औषधांच्या आकड्यांत व्हेंकरचा दोष पुन्हा अवतरतो. एकच ॲझिथ्रोमायसिन बाजारात अनेक नावांनी विकले जाते. व्यापारी नावे बाजूस सारून मूळ द्रव्याखाली सर्व नोंदी आणल्या नाहीत, तर दहा तालुक्यांत दहा प्रथा आहेत असा भास होईल. वस्तुतः तेथे एकाच अर्थाचे दहा शब्द असतात, इतकेच. (डॉक्टरांच्या अक्षराचा प्रश्न येथे बाजूस ठेवलेला बरा.)

दुसरी अडचण स्थळाची आहे, आणि ती येरवड्याइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. या एका उपनगरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मध्यवर्ती कारागृह आहे, दाट वस्त्या आहेत आणि लगतच कल्याणीनगरचे सुखवस्तू रहिवासी आहेत. लोकसंख्येस भागून काढलेल्या आकड्यांत येरवडा मनोविकारावरील औषधांच्या बाबतीत शहरात सर्वांहून वेगळा दिसला, तर त्यात नवल नाही. त्यावरून येथील डॉक्टरांच्या सवयीविषयी मात्र काहीही सिद्ध होत नाही. मनोरुग्णालयात येणारे रुग्ण निरनिराळ्या जिल्ह्यांतून येतात. चिठ्ठी येथे लिहिली जाते, गोळी अन्यत्र घेतली जाते. बोलीसर्वेक्षणात निवेदक त्याच गावी जन्मलेला व वाढलेला असावा, असा जो आग्रह धरला जातो तो याच कारणासाठी. विक्रीच्या आकड्यांत अशा निवडीस वावच नसतो.

तरीही अशा तुलनेने किती मोठे सत्य हाती लागू शकते, याचे उदाहरण जुने आहे. इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या घशातील गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा ग्लोव्हर याने १९३८ मध्ये अभ्यास केला. हवामान, दारिद्र्य, वस्तीची दाटी यांपैकी कशानेही भागाभागांतील फरकाचा उलगडा होईना. हॉर्न्सी येथे तर १९२९ मध्ये शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलताच शस्त्रक्रियांचे प्रमाण सुमारे एक दशांशावर आले. मुले तीच, घसे तेच. बदलला तो निर्णय घेणारा. औषधयोजनेच्या प्रादेशिक अभ्यासाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

परंतु हॉर्न्सीचा निष्कर्ष निघाला, कारण तुलनेस दुसरे वर्ष होते आणि दुसरी गावे होती. जेथे प्रथा अशी काही नाहीच, तेथे काय करावे? मुंबईच्या धारावीतील डॉक्टरांविषयी मुकुंद उपळेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. क्षयरोगावर शंभर खाजगी डॉक्टरांनी औषधांच्या ऐंशी निरनिराळ्या योजना सांगितल्या. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी हाच प्रश्न तेथे पुन्हा विचारला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०६ डॉक्टरांच्या त्रेसष्ट योजना आढळल्या, आणि त्यांपैकी फक्त सहाजणांची चिठ्ठी बरोबर होती. सरासरीपासूनचे अंतर मोजणारी पद्धत येथे निरुपयोगी आहे. ज्या वस्तीत रूढीच नाही, तेथे रूढीपासून ढळणारा कोण, हे ठरणार कसे? उलट औषधांची संख्या किंवा उपचाराचा काळ यांची सरासरी काढली, तर ते सहाजणच ‘विलक्षण’ म्हणून पुढे येण्याचा संभव आहे. ते सहा बरोबर होते हे कळले, कारण कसोटी त्या नोंदींच्या बाहेरून आणलेली होती.

भाषाभ्यासक येथे आपल्या सवयीने फसू शकतो. बोलीत अमुक रूप शुद्ध व तमुक अशुद्ध असे तो मानीत नाही, आणि ते योग्यच आहे. क्षयाच्या औषधाची मात्रा किंवा मुदत चुकली, तर जंतू औषधास दाद देईनासा होतो; तेथे वैविध्याचे कौतुक परवडणारे नाही.

याच्या उलट टोकास एकसारखेपणाचा धोका आहे. भारतातील खाजगी क्षेत्रात २०१९ साली विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांचा जो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५०० मिलिग्रॅमची ॲझिथ्रोमायसिनची गोळी सर्वाधिक खपाची ठरली. जागतिक आरोग्य संघटना हे औषध जपून वापरावयाच्या गटात धरते. सर्वच जिल्हे ते सारख्याच सढळ हाताने देत असतील, तर नकाशावर एकही रेषा उमटणार नाही. सर्वत्र एकच शब्द रूढ असेल तेथे समभाषारेषा काढता येत नाही, तसेच हे आहे.

इंग्रजी उपक्रमातील कित्येक मोजमापांची रचना या दृष्टीने अधिक समंजस आहे. तेथे केवळ खप न मोजता, एकूण प्रतिजैविकांपैकी व्यापक प्रभावाची किती, असे गुणोत्तर घेतले जाते. लॅबॉव्हने न्यूयॉर्कच्या उच्चारांचा अभ्यास करताना, एखादे रूप जेथे येऊ शकले असते त्या सर्व जागा मोजून मगच ते किती वेळा आले हे सांगितले. दोहोंतील तर्क एकच आहे.

आपल्याकडे अशा अभ्यासास सामग्रीच नाही, हे म्हणणे मात्र पूर्णतः खरे नाही. ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधांसाठी, ज्यांत अनेक प्रतिजैविके व क्षयरोगावरील औषधे येतात, मार्च २०१४ पासून प्रत्येक औषधविक्रेत्याने वेगळी वही ठेवणे बंधनकारक आहे. तीत डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहावयाचे, आणि ती नोंद तीन वर्षे जपावयाची. म्हणजे ज्या नोंदीवाचून प्रादेशिक अभ्यास अडतो, ती येरवड्याच्या प्रत्येक मेडिकल दुकानाच्या फळीवर असावयास हवी. तीत डॉक्टरचा पत्ता असल्यामुळे स्थळाची अडचणही निम्मी सुटते. उणीव आहे ती एका रकान्याची. औषध कोणत्या रोगासाठी दिले, हे त्या वहीत लिहावे लागत नाही. रूप आहे, अर्थ नाही. आणि अर्थ ठाऊक नसताना दोन रूपे एकमेकांचे पर्याय आहेत की दोन वेगळे शब्द, हे कोणत्याही सर्वेक्षकास सांगता येत नाही.