चौकटीतली लावणी, चौकटीबाहेरची बैठक

लावणीवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकांत ‘ढोलकीच्या तालावर’चे नाव आधी घ्यावे लागते. ‘ई टीव्ही मराठी’वर ही स्पर्धा सुरू झाली. पुढे त्या वाहिनीचे ‘कलर्स मराठी’ झाले आणि २०२३ मध्ये तिथे मालिकेचे नवे पर्व आले. मी ती आवडीने पाहिली आहे. तिचे श्रेय आधी नोंदवतो: ज्या घरांत ‘तमाशा’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जाई, त्या घरांतून लेकीसुना, आजी-आजोबा एकत्र बसून लावणी पाहू लागले. हा बदल लहान नाही.

प्रश्न आहे तो, त्यांनी पाहिली ती कोणती लावणी, हा.

आमच्या जिल्ह्यात तमाशाच्या दोन्ही परंपरा नांदल्या. एक ढोलकी-फडाची. कांताबाई सातारकर संगमनेरच्या. वगात पुरुषांच्या भूमिका गाजवणाऱ्या या कलावतीचे २०२१ मध्ये निधन झाले. गण, गवळण, बतावणी, वग अशा रात्रभराच्या खेळात लावणी हा एक भाग. समोर जत्रेची गर्दी. शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे, तर हातवारे मोठे, गिरक्या मोठ्या, आवाज मोठा लागतो.

दुसरी परंपरा संगीतबारीची. जामखेडच्या कलाकेंद्रांत मी ती प्रथम जवळून पाहिली. शिक्षणाची पदवी माझ्याकडे नाही. वही आणि कान एवढीच साधने. खोलीत पेटी, तबला, ढोलकी आणि हाताच्या अंतरावर बसलेले मोजके श्रोते. गाणारणीने बसूनच लावणी धरली. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेत राहिली. एकदा रुसून, एकदा हिणवून, एकदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच, अर्थ दर वेळी निराळा. हीच अदाकारी. पायांइतकेच काम इथे डोळे, बोटे आणि पदर करतात.

आता विसंगती पाहा. टीव्हीचा पडदा लहान, प्रेक्षक चार हातांवर आणि कॅमेरा पापणीची हालचालही टिपू शकणारा. म्हणजे या माध्यमाचा स्वभाव बैठकीच्या लावणीशी जुळणारा आहे. तरीही मालिकेने उचलला तो फडाचा आवाका आणि सिनेमातल्या लावणीचा वेग. ठराविक मिनिटांचे गाणे, समूहाची रचना, झगमगते नेपथ्य. ओळीचा अर्थ उलगडायच्या आत दृश्य बदलते. स्पर्धेत गुण द्यायचे तर गिरकी दिसते, ठहराव दिसत नाही. शिवाय स्पर्धक नाचते, गाणे दुसऱ्याचे असते. बैठकीत गाणारी आणि अदा करणारी बाई एकच असते. तिच्या लावणीचे हे वैशिष्ट्यच इथे दुभंगते.

यामागे जुनी सवय आहे. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी अहिल्यादेवींच्या उपदेशाने तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. त्याच अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे आणि आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे. आख्यायिका खरी-खोटी काहीही असो, ती समाजाचे मन सांगते: कलावंत हवा, पण त्याचे ठिकाण नको. टीव्हीनेही तेच केले. लावणीला दिवाणखान्यात घेतले आणि कलाकेंद्राच्या दारातली बाई बाहेरच राहिली. प्रतिष्ठा नृत्यप्रकाराला मिळाली. तो पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरांच्या वाट्याला ती फार थोडी आली.

दुसरा रस्ता आहे, हे सिद्ध झालेले आहे. सावित्री मेधातूल यांच्या ‘नटले तुमच्यासाठी’ या माहितीपटात आणि भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकात या स्त्रिया स्वतःच्या नावानिशी बोलतात. वाहिनीला हे अवघड का वाटावे? एका भागात एकच लावणी ठेवावी. पंधरा मिनिटे, न कापता. कॅमेरा चेहऱ्यावर. साथीला तिचेच पेटीवाले, तिचेच ढोलकीवाले आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे. गुण नकोत, बाद करणे नको.

घाई याचसाठी. बैठकीच्या लावणीच्या थोर गायिका, पद्मश्री यमुनाबाई वाईकर २०१८ मध्ये गेल्या. अशा गळ्यांतली लावणी कागदावर उतरत नाही. वहीत मी शब्द लिहून घेतले आहेत. भुवई कशी लिहायची, ते मला अजून जमलेले नाही. ते काम कॅमेऱ्याचे आहे.