वर्तुळातले वर्तुळ

बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री केली, की आपण आधी नळीच्या तोंडाशी डोळा न्यावा. पोलादाच्या त्या गोल चेहऱ्यावर, उजेड तिरपा पडला तर, केसाइतकी बारीक एक रेघ छिद्राभोवती फिरलेली दिसते. बाहेरची नळी निराळी आणि आतली निराळी, हे त्या रेघेने सांगितलेले असते. .303 ची, म्हणजे सुमारे 7.7 मिलिमीटरची जुनी लष्करी नळी आतून कोरून रुंद केली आणि तिच्या पोटात .22 ची, साधारण 5.6 मिलिमीटरची दुसरी नळी इतक्या निगुतीने बसवली, की बोट फिरवले तरी सांधा लागू नये. दिसेल तो फक्त शोधणाऱ्या नजरेला. ही शॉर्ट ली-एन्फील्ड घराण्यातली .22 नंबर 2 मार्क 4, आपल्याकडच्या एनसीसीच्या पिढ्यांची 'पॉइंट टू टू'.

आम्हां फोंडाघाटकरांना बंदुकीचे नवल नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आमच्या भागात अनेक घरांनी पाहिलेली. दाजीपूरच्या जंगलातून गवे उतरतात, रानडुकरे एका रात्रीत भात लोळवतात, आणि निवडणूक लागली की तीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असते. तिथे प्रश्न एकच, बार नीट उडतो का? घाट चढून एका जुन्या रायफल क्लबच्या कपाटासमोर मी बसलो, तेव्हा मात्र प्रश्न वेगळा होता. ही अस्सल आहे का? आणि जिचा जन्मच एका रायफलीचे रूप पालटून झाला, तिचे अस्सलपण शोधायचे तरी कुठे?

नळीकडून आपण लाकडाकडे येऊ. मॅगझिनच्या किंचित पुढे, नळीखालच्या लांब अक्रोडी लाकडातून एक स्क्रू आडवा गेला आहे. हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्याची ही ओळख. संग्राहक तिला 'ईशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. .303 चा धक्का वर्षानुवर्षे खाऊन लाकूड फाटू नये म्हणून केलेली ही तजवीज. .22 ला असा कितीसा धक्का असणार? खांद्याला जेमतेम जाणवेल इतका. तरीही तो स्क्रू जागच्या जागी आहे, त्याच्या खाचेत जुन्या तेलाचा काळा थर बसला आहे, आणि कुणी तो काढण्याची घाई केलेली नाही. मला या रायफलीत सर्वांत प्रिय वाटली ती हीच खूण, कारण पूर्वायुष्यात तिने सोसलेल्या धक्क्यांची आठवण या लाकडाने अजून आवळून धरली आहे.

तिचे मॅगझिनही असेच. बाहेरून पाहाल तर दहा गोळ्यांची तीच परिचित पेटी. आत मात्र स्प्रिंग नाही, गोळ्या वर ढकलणारी पट्टी नाही. गोळी हाताने एकेक भरायची, आणि उडालेल्या पितळी पुंगळ्या त्या रिकाम्या पेटीत किणकिणत पडायच्या. सरावाच्या रायफलीला पोकळ पेटी चालते, पण हातात धरल्यावर तिचा तोल आणि घाट रणांगणावरच्या बहिणीसारखाच राहिला पाहिजे, हा त्या रचनेमागचा विचार किती सुंदर आहे! उद्या ज्याच्या हाती .303 द्यायची, त्याच्या हाताला ती आजच ओळखीची व्हावी, आणि तेही स्वस्तातल्या काडतुसांवर. पुढची माशी, मागची पट्टी, चाप, बोल्टची मूठ, सगळे तिथल्या तिथे. सतरंजीवर पालथे पडून, डावे कोपर जमिनीत रोवून, उस्तादांचा आवाज कानावर घेत जिने-ज्याने पाच गोळ्यांचे 'ग्रुपिंग' साधण्याची धडपड केली आहे, त्यांना ही रचना शब्दांत सांगावी लागत नाही. 1948 मध्ये एनसीसी स्थापन झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती महाविद्यालयीन खांद्यांनी या दस्त्याला टेकून श्वास रोखला असेल!

आता अनुक्रमांकाचे आकडे. बोल्टच्या मुठीवर एक, चौकटीवर एक, नळीवर एक, नळीच्या टोकाच्या लोखंडी टोपीवर एक. हे जुळले की संग्राहकाचा चेहरा उजळतो, आणि ते रास्तच आहे. पण आपण नुसते आकडे वाचून थांबू नये, ते कसे कोरले गेले तेही वाचावे. जुन्या ठशाच्या कडा हातांनी आणि चिंध्यांनी झिजून मऊ झालेल्या असतात, रंग आणि मळ त्याच्या तळापर्यंत पोचलेला असतो. अलीकडे मारलेला ठसा कडेला पोलादाची बारीक वरंड उचलतो, आणि आसपासचा काळसर निळा रंग तिथे तुटतो. क्लबातल्या रायफलीचा बोल्ट जुळत नव्हता. शेवटचे दोन आकडे निराळे. सोबतचे गृहस्थ हळहळले, मी हळहळलो नाही. साफसफाईच्या वेळी दहा रायफली एका सतरंजीवर उघडल्या की दोन बोल्ट एकमेकांच्या घरी जातात, आणि मुठीची झीज तर बाकीच्या रायफलीच्या वयाचीच होती. कुणी विक्रीसाठी तो आकडा खरवडून नवा मारला असता, तर जुळणाऱ्या आकड्यांसह तिचे अस्सलपण तिथेच संपले असते.

मनगटाजवळच्या पोलादी पट्ट्यावर मुकुट आहे, खाली जी.आर.आय. ही अक्षरे आहेत: जॉर्ज राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट, हे दोन्ही दावे सांगणारी. दस्त्यावर मात्र पांढऱ्या रंगाने, काहीशा घाईने, देवनागरीत घातलेला रॅकचा क्रमांक. सम्राटाची अक्षरे खोल कोरलेली, आपला '७' वरवर रंगवलेला, आणि तरीही किती आपलेपणाचा! हा रंग खरवडून दस्ता चकचकीत करावा असे सुचवणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. लष्कराने, कारखान्याने, कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या माणसांनी गरजेपोटी जे बदलले ते तिचे चरित्र आहे. तिचा भाव वाढावा म्हणून जे बदलले जाते, ते चरित्र पुसणे आहे.

आमच्या घाटमाथ्यापलीकडे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्यांच्या हातातले आधुनिक यंत्र आणि ही पितळी तळाची म्हातारी यांत काही साम्य दिसणार नाही. पण छिद्र तेच, .22. फोंड्याच्या बाजारात त्या दिवशी लोक मोबाइलभोवती गोळा झाले होते, आणि मला मात्र ती नळीच्या तोंडाची बारीक रेघ आठवत होती.

निघण्यापूर्वी दस्त्याच्या पितळी तळातली छोटी झडप मी अंगठ्याने उघडली. आत तेलाची बाटली नव्हती. नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी होती, नीट गुंडाळलेली, आणि तिच्या फाशात अडकलेली फ्लॅनेलची चिंधी. तिच्यावर छिद्राच्या खाचांचे काळे पट्टे अजून उमटलेले होते.