राजमाता : मराठेशाहीतील अधिकार आणि मराठी लेखनातील प्रतिमा

मराठी वाचकाच्या मनात 'राजमाता' हा शब्द एकाच व्यक्तीशी निगडित झाला आहे. जिजाबाईंच्या नावामागे तो इतक्या सहजतेने येतो की तो मुळात एका राजकीय स्थानाचा वाचक असू शकतो, याचा विसर पडतो. जुन्या कागदपत्रांत आणि बखरींत जिजाबाईंचा उल्लेख 'मातुश्री', 'आऊसाहेब' असा येतो. 'राजमाता' ही उपाधी पुढील काळातील गौरवपर लेखनाने रूढ केली आणि तिच्याबरोबर एक मोजपट्टीही आली. या मोजपट्टीने सोयराबाई, येसूबाई, ताराबाई या राजस्त्रियांना मोजले गेले, आणि त्यांतील बहुतेकींना गुण कमी पडले. हा निवाडा कितपत इतिहासाचा आणि कितपत वाङ्मयीन सवयीचा, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही. मराठेशाहीत राजमातेला लिखित अधिकारपद नव्हते. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी सिद्ध झालेल्या अष्टप्रधान मंडळात तिला जागा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त राजा, प्रधान, साहुकार, वतनदार, दुर्ग, आरमार यांचा विचार आहे. राजमातेला स्वतंत्र प्रकरण नाही. याउलट ऑटोमन दरबारात सुलतानाच्या मातेचे स्थान मान्यताप्राप्त होते, तिला नेमणूक होती, स्वतःचा कारखाना होता. पश्चिम आफ्रिकेतील असांते राज्यात तर नव्या राजाचे नाव सुचविण्याचा अधिकारच राजमातेकडे असे. मराठ्यांकडे असा लेखी आधार नसल्यामुळे प्रत्येक राजमातेला आपला अधिकार नव्याने उभा करावा लागला. हे लक्षात न घेता तिच्या कृतीला 'वात्सल्य' किंवा 'सत्तालोभ' अशी दोनच नावे देण्याचा प्रघात पडला.

जिजाबाईंच्या बाबतीतही ही सवय नुकसानकारकच ठरली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. कादंबऱ्या, नाटके व चरित्रे यांत त्या प्रामुख्याने रामायण-महाभारताच्या कथा सांगणारी, स्वप्न दाखविणारी माता म्हणून येतात. त्यांचा राजकीय अनुभव मात्र दुय्यम राहतो. 1629 मध्ये त्यांचे वडील लखुजी जाधव आणि बंधू निजामशाही दरबारात दौलताबाद येथे मारले गेले. पुढे चारच वर्षांनी त्यांचे पती शहाजीराजे त्याच निजामशाहीच्या एका अल्पवयीन वारसाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार पाहत होते. माहेर ज्या दरबाराने संपविले, त्याच दरबाराच्या रक्षणासाठी सासर लढत होते. अज्ञान राजाच्या नावाने राज्य कसे चालते, त्याचे बळ कोणते आणि मर्यादा कोणत्या, याचा पाठ जिजाबाईंनी घरातच पाहिला होता. 1666 मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याची देखरेख त्यांच्याकडे होती. हा राज्यकारभाराचा भाग आहे. तो 'संस्कार' या शब्दात मावत नाही. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' (1968) या कादंबरीला नरहर कुरुंदकरांच्या प्रदीर्घ प्रस्तावनेमुळे इतिहासलेखनाचे वजन प्राप्त झाले. परंतु वाचकाच्या स्मरणात टिकली ती तिच्यातील भावपूर्ण माता, कारभार पाहणारी स्त्री नव्हे.

सोयराबाईंचे उदाहरण अधिक बोलके आहे. 3 एप्रिल 1680 रोजी शिवाजी महाराजांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात रायगडावर राजारामांचे मंचकारोहण झाले. सोयराबाईंचे सख्खे बंधू हंबीरराव मोहिते यांनी संभाजीराजांचा पक्ष घेतल्याने हा बेत फसला. येथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो त्यापुढील रंगकामाचा. मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने संभाजीराजांना दुर्व्यसनी व क्रूर ठरविले. त्या बखरीमागे बाळाजी आवजी चिटणीसांच्या देहदंडाची कौटुंबिक जखम होती, हे वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनानंतर सर्वमान्य झाले. संभाजीराजांची प्रतिमा उजळली, हे मराठी इतिहास संशोधनाचे मोठेच यश होय. पण या उजळणीची किंमत कोणी तरी मोजायची होती. पूर्वी पुत्राच्या माथी असलेला दोष ललित लेखनाने विमातेच्या माथी सरकविला. शिवाजी सावंतांच्या 'छावा'त (1979) सोयराबाई खलनायिकेच्या जागी आहेत, आणि पुढील कादंबऱ्या व दूरदर्शन मालिका यांनी ती जागा पक्की केली. ज्या बखरीला पुत्राविषयी अविश्वसनीय ठरविले, तिच्याच पठडीतील दंतकथा मातेविषयी निःशंकपणे स्वीकारल्या गेल्या. ही विसंगती गंभीर आहे.

येथे एक पुरावा सतत दुर्लक्षित राहतो. ऑगस्ट 1680 मध्ये संभाजीराजांनी कुडाळच्या बाकरे घराण्याला दिलेल्या संस्कृत दानपत्रात आपल्या सावत्र मातेच्या निर्मळ मनाचा उल्लेख केला असून दोषाचा रोख मंत्र्यांकडे ठेवला आहे. दानपत्राची भाषा औपचारिक व राजकीय सोयीची असू शकते, ही शंका रास्त आहे. पुढील वर्षी कटाचे प्रकरण उघड झाले आणि सोयराबाईंचा अंत झाला, हेही खरे. तथापि ज्या व्यक्तीवर अन्याय झाला असे मानले जाते, तिचीच साक्ष बाजूला ठेवून शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या ऐकीव कथेला प्राधान्य देणे कोणत्या संशोधनपद्धतीत बसते?

या पार्श्वभूमीवर ताराबाईंचा विचार आवश्यक ठरतो. 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या आणि त्यांचा पुत्र दुसरा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. त्याच्या नावाने त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. मोगलांचा इतिहासकार खाफीखान त्यांच्या बुद्धिमत्तेची दखल घेतो. जदुनाथ सरकारांनीही त्या काळातील मराठ्यांचे सूत्रचालन त्यांच्याकडे होते, असे म्हटले आहे. मराठी लेखन येथवर त्यांचे कौतुक करते. 1707 मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून परतले आणि त्याच कौतुकाचा सूर पालटला. 'भद्रकाली' ताराबाई एकाएकी 'हटवादी' ताराबाई झाल्या. प्रत्ययसुद्धा बदलतात : पुष्कळ लेखनात 'जिजाबाईंनी केले' पण 'ताराबाईने केले' असे आढळते. एक अनुस्वार इतिहासकाराचा कल सांगून जातो.

वास्तविक 1707 मधील ताराबाईंची भूमिका तर्कशुद्ध होती. संभाजीराजांच्या पश्चात राज्य बुडाले. राजारामांनी व त्यानंतर स्वतः त्यांनी ते पुन्हा राखले. म्हणून वारसा राखणाऱ्याकडे जातो, असा त्यांचा दावा होता. शाहूंचा दावा ज्येष्ठ शाखेच्या रक्ताचा होता. या दोन सिद्धान्तांचा निकाल ऑक्टोबर 1707 मध्ये भीमाकाठी खेड येथे लागला, तोही धनाजी जाधव शाहूंना मिळाल्यामुळे. पुढे 1714 मध्ये कोल्हापुरात ताराबाई व त्यांचा पुत्र यांना कैद करून सवत राजसबाई यांच्या पुत्राला, म्हणजे दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसविण्यात आले. राजमातेला दुसऱ्या राजमातेने पदच्युत केले, ही घटना 'सवतीमत्सर' या शब्दाने निकालात काढली जाते. तीत अमात्यांसारख्या मुत्सद्द्यांचा वाटा किती, हा प्रश्न मग उरतच नाही.

ताराबाईंच्या उत्तरायुष्यातील प्रकरण राजमातेच्या अधिकाराचा गाभा दाखविते. डिसेंबर 1749 मध्ये शाहूंचे निपुत्रिक निधन झाले. दुसऱ्या शिवाजीचा लपवून वाढविलेला पुत्र म्हणून ताराबाईंनी पुढे आणलेले रामराजा छत्रपती झाले. त्यांच्या रक्ताची साक्ष द्यायला आजीखेरीज कोणी नव्हते. 24 नोव्हेंबर 1750 रोजी त्यांनीच त्या नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकविले आणि तो तोतया असल्याचे जाहीर केले. ज्या मुखाने राजा घडविला त्याच मुखाने तो मोडला. या कृतीचे समर्थन करण्याचे कारण नाही. रामराजांवर झालेला अन्याय उघड आहे. पण तिच्यामागील यंत्रणा समजून घेतली पाहिजे : लेखी पद नसलेल्या राजमातेकडे वंशाची साक्ष हे एकमेव हत्यार होते आणि ते पेशव्यांकडे नव्हते.

याच आठवड्यातील दुसरी घटना भोसरी परिसरातील वाचकाला अधिक जवळची आहे. 22 नोव्हेंबर रोजी, म्हणजे सातारच्या घटनेच्या दोनच दिवस आधी, सेनापती घराण्यातील उमाबाई दाभाडे यांनी आळंदी येथे नानासाहेब पेशव्यांची भेट घेतली. गुजरातचा निम्मा महसूल पेशव्यांना देण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांचे ज्येष्ठ पुत्र त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावांविरुद्ध लढताना पडले होते. त्यानंतर अल्पवयीन यशवंतरावांच्या नावाने घराण्याचा कारभार त्यांनीच चालविला होता. राणी नसलेल्या या मातेची स्थिती ताराबाईंहून वेगळी नव्हती. दोघींची युती झाली. दमाजी गायकवाड गुजरातेतून फौज घेऊन आले, निंब येथे विजयी झाले आणि नंतर पेशव्यांच्या हाती सापडले. उमाबाईंनाही अटक झाली. तळेगाव दाभाडे, आळंदी, चाकण, खेड आणि संभाजीराजांच्या वधाचे तुळापूर ही सारी ठिकाणे भोसरीपासून (चाकणच्या वाहतुकीने अडविले नाही तर) तासाभराच्या आत येतात. असे असूनही या परिसरातील महाविद्यालयांच्या प्रकल्पलेखनात 1750 ची आळंदी क्वचितच आढळते, आणि संदर्भ म्हणून कादंबऱ्यांची नावे सर्रास दिली जातात. विद्यार्थ्याला कादंबरी वाचण्यापासून परावृत्त करावे असे नाही. परंतु कादंबरीतील सोयराबाई आणि दानपत्रातील सोयराबाई शेजारी ठेवून वाचण्याचे काम वर्गातच होऊ शकते.

युती मोडल्यावरही ताराबाई साताऱ्याचा किल्ला सोडावयास तयार नव्हत्या आणि नानासाहेबांनीही तो बळाने घेण्याचे टाळले. वृद्ध राजमातेवर तोफा डागण्याची किंमत त्यांना ठाऊक असावी. सप्टेंबर 1752 मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर दोघांनी शपथा घेतल्या आणि तेथेही ताराबाईंनी रामराजा आपला नातू नसल्याचा पुनरुच्चार केला. पेशव्यांनी हे ऐकून घेतले, छत्रपती मात्र त्यालाच ठेवले, आणि त्याचा ताबा ताराबाईंकडेच राहू दिला. 9 डिसेंबर 1761 रोजी, पानिपतानंतर अकरा महिन्यांनी, त्यांचे साताऱ्यास निधन झाले. रामराजांची कैद त्यानंतरच सैल झाली.