‘शेतकऱ्याचा असूड’ आणि दत्तांचा इतिहास

इंग्रजी अमदानींत दख्खनच्या शेतकऱ्याची काय दशा झाली हें जाणूं इच्छिणाऱ्या वाचकाच्या हातीं बहुधा रमेशचंद्र दत्त यांचा आर्थिक इतिहास प्रथम पडतो. त्याचे दोन भाग १९०२ व १९०४ सालीं प्रसिद्ध झाले. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच्या जवळजवळ वीस वर्षें आधीं, १८८३ सालीं, लिहून पुरा झालेला होता; परंतु अर्थशास्त्राचे ग्रंथ लावून ठेवणारी मंडळी त्यास त्या फळीवर जागा देत नाहींत. हा पंक्तिभेद आम्हांस गैरवाजवी वाटतो.

दत्तांचें काम मोठें आहे यांत शंका नाहीं. सरकारी कामदारांचेच लेख दप्तरांतून काढावयाचे आणि ते सरकाराविरुद्ध साक्षीस उभे करावयाचे, ही त्यांची पद्धति. स्वतः मुलकी नोकरींत उमेदीचीं वर्षें घालविल्यामुळें कोणता कागद कोठें सांपडेल हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांचा मुख्य रोख साऱ्यावर. १८१८ त पेशवाई बुडाली; पुढें थोड्याच वर्षांत प्रिंगलसाहेबांनीं रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत पुणें जिल्ह्याच्या काळ्या मातीस लावून पाहिला आणि निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा ५५ भाग सरकारचा ठरविला. मोजणी सदोष, धान्याचे भाव उतरलेले. इंदापुराकडे जमिनी पडीक पडूं लागल्या. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ च्या सुमारास आकार उतरवून तो ३० वर्षांसाठीं कायम केला. ही मुदत संपली ती नेमकी अवघड वेळीं. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसास चढलेला भाव घसरूं लागला होता, आणि नवा आकार मात्र चढत्या भावाच्या भरंवशावर वाढवून बसला. हा दोषारोप दत्त बिनतोड मांडतात.

परंतु त्यांनीं सुचविलेला उपाय आम्हांस पटत नाहीं. सारा कायमचा बांधून द्यावा, म्हणजे बंगाल्याप्रमाणें इतरत्रही दुष्काळाची नांगी मोडेल, असा त्यांचा भाव आहे. १७९३ च्या कायमधाऱ्यानें बांधला गेला तो जमीनदाराचा भरणा. कुळाचा खंड नव्हे. कुळाच्या संरक्षणासाठीं पुढें १८५९ व १८८५ चे निराळे कायदे करावे लागले. हें दत्तांस ठाऊक नव्हतें असें थोडेंच? १८७४ सालीं बंगालच्या रयतेवर पुस्तक लिहून त्यांनींच कुळांची बाजू घेतली होती. पुढें सरकाराशीं वाद करण्याच्या भरांत जमीनदार त्यांच्या चित्रांतून मागें सरला. १९४३ सालीं बंगाल्यांत अदमासें ३० लक्ष माणसें मेलीं. त्याचें कारण सारा नव्हे हें खरें. परंतु त्यांत भूमिहीन मजूर व कोळी यांचा भरणा मोठा होता, आणि दीडशें वर्षांच्या कायमधाऱ्यानें त्यांस तारलें नाहीं.

आतां असूडाकडे वळूं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले. हा दंगा वाटतो त्याहून लहान होता, असें चार्ल्सवर्थ या इतिहासकाराचें म्हणणें आहे, असेल. आम्हांस महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, दंगेखोर कर्जरोखे मागत होते आणि हातीं आल्यावर ते जाळीत होते. १८५९ च्या कायद्यानें रोख्याच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतु ऋणकोस सोडविण्याचा; घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं सावकार थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि कुणबी न वाचतां त्यावर निशाणी करी. जुन्या दामदुपटीचा लगाम सुटला, आणि सावकाराच्या मागें दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा उभा राहिला. १८७९ च्या कायद्यानें रोख्याच्या पोटांत शिरून मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला, तो यासाठींच.

कागदाची ही सत्ता जोतीरावांइतकी दुसऱ्या कोणीं ओळखलेली आम्हांस दिसत नाहीं. दत्तांच्या ग्रंथांत सारा हा एक आंकडा आहे. असूडांत तो कुळकर्णी, कारकून, वकील अशा माणसांच्या हातांतून खालीं उतरतो, आणि प्रत्येक हातास कांहीं ना कांहीं चिकटतें. कुणब्याचें घर, गोठा, भांडींकुंडीं यांचें वर्णन त्यांनीं इतक्या बारकाईनें केलें आहे कीं, जप्तीस आलेला शिपाई काय उचलून नेईल हें वाचकास आपोआप कळतें. जंगलखात्यानें गुरांचें चरणें बंद केल्याची तक्रारही तेथें आहे. सारा कितीही उतरला तरी ती भरून निघणारी नव्हती.

ग्रंथांत दोष आहेत, आणि ते लहान नाहींत. ब्राह्मण कामगारांवर त्यांचा रोष इतका एकवटतो कीं, गोऱ्या अधिकाऱ्यांची ऐषआरामी वृत्ति ते वारंवार दाखवीत असतांही धोरणाचा दोष पुष्कळदां गैरमाहितीवर ढकलला जातो. वरिष्ठांस सत्य कळलें तर न्याय होईल ही आशा प्रिंगलची हकीकत पाहतां टिकत नाहीं. त्या साहेबांस माहितीचा तुटवडा नव्हता. त्यांचा हिशेबच मुळांत चुकीचा होता. पुनरुक्तीही फार आहे. भाषा शिवराळ आहे हा आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाहीं. चावडीवर जे शब्द चालतात तेच त्यांनीं कागदावर आणले. तेथें संस्कृतप्रचुर वाक्यें बसविलीं असतीं तर तीं कुळकर्ण्याच्याच तोंडीं शोभलीं असतीं.

शिवाय जोतीराव तक्रारीपाशीं थांबत नाहींत. रिकाम्या पलटणींकडून ताली व बंधारे घालवावे म्हणजे पावसाचें पाणी मुरेल व खत वाहून जाणार नाहीं, शेतकऱ्याच्या मुलांस शेतकीचें शिक्षण द्यावें, या सूचना दत्तांच्या कायमधाऱ्यापेक्षां बांधावरच्या माणसास अधिक उपयोगी होत्या. त्यांचा हा ग्रंथ ‘दीनबंधू’ पत्रांत छापूं लागले; दोन भाग निघाल्यावर पुढचे छापण्याचें धैर्य संपादकांस झालें नाहीं, आणि ते संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्याच पक्षाचे होते.