संगणकातील समाज आणि वसईची कादोडी : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

संगणकात एक लहानसा कृत्रिम समाज उभा करावयाचा, त्यातील प्रत्येक व्यक्तीस दोनचार साधे नियम लावून द्यावयाचे, आणि ह्या व्यक्ती परस्परांशी हजारो वेळा व्यवहार करू लागल्या म्हणजे समग्र समाजाचे काय होते ते पाहावयाचे, ही पद्धती सामाजिक शास्त्रांत आता रुळलेली आहे. भाषेचा प्रसार, भाषेचा ऱ्हास, बोलींचे एकीकरण ह्या प्रश्नांसाठीही तिचा उपयोग गेली पंचवीसएक वर्षे होत आला आहे. तिच्या गणिताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने ह्या कृत्रिम समाजात 'बोलणारा माणूस' म्हणून जो कोणी उभा केला जातो तो कोठला आहे, ह्याची विचारपूस कमी झाली. वसई-विरारसारख्या प्रदेशासमोर ही पद्धती उभी केली म्हणजे तो प्रश्न टाळता येत नाही. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत कादोडी (सामवेदी), वाडवळी, कोळी ह्या मराठीच्या बोली, प्रमाण मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी एकाच माणसाच्या एका दिवसात येऊन जातात.

प्रथम एका शब्दाविषयी. ह्या पद्धतीतील कृत्रिम व्यक्तीस इंग्रजीत जे नाव आहे त्याचे 'एजंट' हे रूप मराठीत घेण्यासारखे नाही. वसई रोड स्थानकाबाहेर तो शब्द उच्चारला तर घरांचा दलालच डोळ्यांपुढे येतो. 'कर्ता' हा शब्द जवळचा आहे, पण तो घेतला की जबाबदारीही येते. पाणिनीने कर्त्याचे लक्षण म्हणून स्वातंत्र्य सांगितले. संगणकातील कर्ता त्या अर्थाने स्वतंत्र नाही. त्याच्या निवडीचे नियम आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असतात. ह्यात दोष नाही, कारण प्रतिरूप म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. दोष तेव्हा उद्भवतो, जेव्हा नियम लिहिणाऱ्याच्या समाजातील सवयी त्या कर्त्याच्या 'स्वभाव' म्हणून गृहीत धरल्या जातात आणि मग निष्कर्षात त्याच सवयी 'सापडतात'.

ह्या परंपरेचा आरंभबिंदू म्हणून थॉमस शेलिंग ह्यांचा १९७१ मधील निबंध दाखविला जातो, आणि ते योग्यच आहे. आपल्या शेजारी निदान काही थोडे लोक तरी आपल्यासारखे असावेत, एवढी सौम्य अपेक्षा बाळगणारी माणसेसुद्धा जागा बदलत बदलत पूर्णपणे विभक्त वस्त्या निर्माण करतात, हे त्यांनी पटावर नाणी मांडून दाखविले. त्याला संगणकाचीही गरज पडली नाही. ही सिद्धी मोठी आहे, परंतु तिचा आशय 'असे होऊ शकते' एवढाच आहे. 'असेच झाले' असे शेलिंग म्हणत नाहीत. हा भेद विसरला की काय होते ते वसई तालुक्यात सहज दिसते. येथे १९९० साली सिडकोकडे नियोजनाचा अधिकार आला, २००९ साली चार नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. नालासोपाऱ्याच्या इमारतींत कोण राहतो आणि गासच्या वाडीत कोण राहतो, हे शेजाऱ्यांविषयीच्या आवडीनिवडीने ठरले नाही. जमिनीचा भाव, हरित पट्ट्याची रेषा आणि मुंबईतील जागेची टंचाई ह्यांनी ते ठरविले. शेलिंग ह्यांच्या पटावर प्रत्येक रिकामे घर प्रत्येकास खुले असते. वसईत ते तसे नाही.

भाषेच्या क्षेत्रात ज्या लेखाने ह्या विषयाला चालना दिली तो डॅनियल ॲब्रॅम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ ह्यांचा २००३ मधील दोन-तीन स्तंभांचा लेख होय. त्यात स्वतंत्र कर्ते नाहीत, एकच समीकरण आहे. पण पुढील बहुतेक संगणकीय प्रतिरूपे त्याच्या खांद्यावर उभी राहिली, म्हणून त्याची परीक्षा आधी केली पाहिजे. त्यांच्या मते भाषकांना ओढून घेण्याची भाषेची शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : तिचे भाषक किती आणि तिची प्रतिष्ठा किती. वेल्श, स्कॉटिश गेलिक, केचुआ इत्यादींची आकडेवारी त्यांनी ह्या समीकरणास जुळवून दाखविली. निष्कर्ष असा की, एका समाजात दोन भाषांचे सहजीवन अस्थिर असते. एक भाषा उरते, दुसरी जाते. प्रतिष्ठा समान असेल तर जिचे भाषक निम्म्याहून कमी ती जाते. भाषेची प्रतिष्ठा प्रयत्नपूर्वक वाढविल्यास हे टळू शकेल, असेही लेखक सुचवितात. आकडे जुळले ह्यात शंका नाही. परंतु ज्या प्रदेशांतून ते आकडे आले तेथे घसरण आधीच सुरू झालेली होती. उतारावरून घसरणाऱ्या दगडांचीच मोजणी केली तर सर्व दगड घसरतात असाच नियम हाती लागणार.

उत्तर कोकणाचा इतिहास ह्या नियमापुढे ठेवून पाहावा. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. दोनशे पाच वर्षे राज्याची आणि नव्या धर्माची भाषा पोर्तुगीज होती. तरीही वसईचा ख्रिस्ती शेतकरी आपली कादोडी किंवा वाडवळी सोडून पोर्तुगीजकडे वळला नाही. त्याहून बोलके उदाहरण रायगड जिल्ह्यातील कोर्लईचे आहे. चौलचा हा परिसर १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला. पण त्या एका गावातील हजाराच्या आतबाहेर ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीजपासून बनलेली आपली मिश्रभाषा अडीच शतकांहून अधिक काळ टिकविली. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्यांनी १९९६ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. संख्या नगण्य, प्रतिष्ठेचा आधार गेलेला, चहूकडे मराठी. समीकरणाप्रमाणे ती भाषा पेशवाईतच संपावयास हवी होती. उलट मुंबईच्या परिसरात त्याच कुळातील जी मिश्रभाषा होती आणि जिचे वर्णन सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो ह्यांनी १९०६ मध्ये केले, ती मात्र राहिली नाही. मूळ एक, प्रतिष्ठा जवळजवळ एक, आणि गती भिन्न. जातीने व धर्माने वेगळे पडलेल्या, आपसांतच लग्ने करणाऱ्या एका गावाच्या जाळ्यात जी भाषा टिकली, ती मुंबईच्या खुल्या वर्दळीत विरून गेली. संख्या आणि प्रतिष्ठा ह्यांपेक्षा कोण कोणाशी बोलतो ह्या रचनेचे महत्त्व येथे अधिक ठरते.

कर्त्यांवर आधारलेल्या प्रतिरूपांचे खरे बलस्थान नेमके हेच आहे आणि ते मान्य केले पाहिजे. समीकरणात सगळे सगळ्यांशी सारखेच मिसळतात; संगणकातील समाजात मात्र प्रत्येकाचे शेजारी, नातलग व ग्राहक वेगळे ठेवता येतात. कास्तेयो, एगिलुस आणि सान मिगेल ह्यांनी २००६ मध्ये अशा जाळ्यांवर द्विभाषिक कर्ते आणले. घट्ट समूहांत विभागलेल्या जाळ्यांत लहान भाषा फार दीर्घ काळ तग धरते असे त्यानंतरच्या कामातून दिसले. कोर्लईचा उलगडा करावयाचा तर वाट येथूनच जाते.

पण ह्या प्रतिरूपांतला द्विभाषिकसुद्धा एक मधली पायरी आहे. एकभाषिक माणूस आपली भाषा सोडून दुसऱ्या भाषेत जाताना ज्या ओसरीवर क्षणभर थांबतो, तशी त्याची अवस्था कल्पिलेली असते. भारतीय अनुभव निराळा आहे, आणि तो पुण्यातच, प्रबोध पंडित ह्यांच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुणे स्मारक व्याख्यानांत, नेमकेपणाने सांगितला गेला होता. मुंबईतील एक गुजराती मसाल्याचा व्यापारी घरी गुजराती, भाजीवाल्याशी मराठी, दूधवाल्याशी हिंदी, बाजारात कच्छी व कोकणी बोलतो, क्वचित इंग्रजी वापरतो, आणि ह्यांपैकी कोणतीही भाषा दुसरीची जागा घेत नाही. ह्या देशात भाषा टिकणे हा सामान्य क्रम आहे, ती सुटणे हा अपवाद आहे आणि अपवादाचेच कारण शोधले पाहिजे, हा पंडितांचा मुद्दा होता. संगणकातील कर्ता घडविणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही. त्यांच्या कर्त्याजवळ भाषांची यादी असते, पण प्रसंगांची नसते. वसईच्या वाडीतला माणूस विहिरीवर कादोडी, चर्चमध्ये मराठी, गाडीत हिंदी-गुजराती आणि मुलाच्या शाळेत इंग्रजी वापरतो. ह्याला 'द्विभाषिक' असा एक अंक देऊन भागत नाही. विरारहून मुंबईस पहिली गाडी १८६७ मध्ये सुटली. तेव्हापासून ही बहुभाषिक वर्दळ चालू आहे आणि केवळ वर्दळीने कादोडी गेलेली नाही.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड ह्यांच्या १९९७ मधील संस्कृतिप्रसाराच्या प्रतिरूपाविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की, त्यात भाषा, धर्म, वेश ही सर्व लक्षणे सारख्याच वजनाची आहेत आणि ज्यांची लक्षणे जुळतात ते अधिक बोलतात. कादोडी सामवेदी ब्राह्मणांची आहे आणि सामवेदी ख्रिस्ती समाजाचीही आहे. धर्म तुटला, भाषा तुटली नाही. लक्षणांची वजने समान मानणाऱ्यास ही घटना मांडताच येणार नाही.

ह्याहून मूलगामी आक्षेप भाषाविज्ञानाच्या अंगाने येतो. ह्या बहुतेक प्रतिरूपांत भाषा ही एक अखंड सोंगटी आहे : ती हातात असते किंवा नसते. सांगली जिल्ह्यातील कुपवाडचे गम्पर्झ आणि विल्सन ह्यांचे १९७१ मधील विवेचन प्रसिद्ध आहे. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू आपापल्या समाजात नांदत राहिल्या, शब्दसंपत्ती वेगळी राहिली, पण वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतील वाक्य दुसरीत जवळजवळ घटकागणिक उतरविता यावे. सोंगट्या मोजणारा म्हणेल, येथे काहीच बदलले नाही. कादोडीच्या बाबतीत धोका ह्याच जातीचा आहे, आणि अधिक अवघड आहे. कारण ती आणि प्रमाण मराठी ह्यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. प्रत्यय आणि क्रियारूपे एकेक करून प्रमाण मराठीकडे सरकली तरी बोलणारा ती 'कादोडी'च म्हणत राहील. नाव शाबूत आणि भाषा गेलेली, अशी अवस्था ह्या प्रतिरूपांच्या मोजणीत येतच नाही.

ह्यास एक स्वागतार्ह अपवाद आहे. बॅक्स्टर, ब्लाइद, क्रॉफ्ट आणि मकेन ह्यांनी २००९ मध्ये न्यूझीलंडमधील इंग्रजीचा विचार करताना भाषेऐवजी एकेक भाषिक रूप हे एकक मानले. नव्या वसाहतीत कोणते रूप टिकले हे केवळ मूळ वसाहतकऱ्यांतील त्याच्या प्रमाणावरून ठरले, प्रतिष्ठेचा त्यात संबंध नव्हता, हा पीटर ट्रडगिल ह्यांचा सिद्धान्त त्यांनी संगणकावर तपासला, आणि तसे असते तर एकरूपता येण्यास प्रत्यक्षात लागला त्याहून फार अधिक काळ लागला असता असे दाखविले. प्रतिरूपाने येथे भविष्य सांगितले नाही. एका प्रतिष्ठित स्पष्टीकरणास कालगणनेच्या कसोटीवर अडविले. पद्धतीचे इतके नेमके काम क्वचितच पाहावयास मिळते.

आता आकडेवारीकडे. 'प्रतिष्ठा' हा अंक स्वतंत्रपणे मोजला जात नाही. भाषा किती वेगाने गेली त्यावरून तो काढला जातो आणि मग भाषा का गेली ह्याचे कारण म्हणून तोच पुढे केला जातो. हे चक्र तोडावयाचे तर क्षेत्रातील सामग्री हवी, आणि जनगणना ती पुरवीत नाही. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या १९,५६९ मातृभाषानामांचे शोधन होऊन १,३६९ नावे उरली; दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या नावांची स्वतंत्र आकडेवारी छापली जात नाही. शिवाय कादोडी बोलणारी अनेक माणसे मातृभाषा म्हणून मराठीच सांगतात, आणि त्यात खोटे काही नाही. ह्या भूमीचे मराठीशी नाते दडपणाचे नाही. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लॅटिनच्या जागी लोकभाषा आली तेव्हा वसईत ती लोकभाषा म्हणजे प्रमाण मराठी ठरली, कादोडी नव्हे. प्रमाण मराठीची प्रतिष्ठा हा येथे बाहेरून लादलेला अंक मानला तर चित्र चुकते. ती बोलणाऱ्याने स्वतः उचललेली आहे.

मग वसईत ह्या पद्धतीने काय साधावे? 'कादोडी कोणत्या साली मरेल' ह्याचे उत्तर तिच्याकडे मागू नये. ते उत्तर एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या निर्णयाला निमित्त होईल, आणि मग भाकीत स्वतःच कारण बनेल. दोन स्पष्टीकरणे समोर आहेत. एक असे की, इंग्रजी माध्यमाच्या शाळेमुळे आईबाप मुलांशी घरीच भाषा बदलतात. दुसरे असे की, विवाह बोलीच्या बाहेर होऊ लागल्याने घराची समाईक भाषा प्रमाण मराठी किंवा हिंदी होते. दोन्हींचा शेवट एकच दिसतो, म्हणून बेरजेच्या आकड्यांवरून त्यांत निवड करता येत नाही. परंतु प्रसंगागणिक भाषा निवडणारे आणि रूपागणिक बदलणारे कर्ते घेऊन दोन्ही गृहीतके चालवून पाहिली तर वाटेतल्या खुणा वेगळ्या निघावयास हव्यात. कारण शाळा असेल तर एका विशिष्ट पिढीनंतर सर्वच घरांत जवळजवळ एकाच वेळी पायरी पडलेली दिसेल, आणि आजी नातवाशी कादोडीत बोलत असताना आई मात्र त्याच मुलाशी बोलत नसेल. कारण विवाह असेल तर बदल घराघरांनी विखुरलेला राहील, एका आळीतील शेजारी घरे भिन्न असतील, आणि मिश्र घरात आजीसुद्धा सुनेच्या सोयीने भाषा बदललेली आढळेल. भुईगाव, निर्मळ, वटार, नंदाखाल येथील काही घरांत तीन पिढ्यांपैकी कोण कोणाशी कोणत्या प्रसंगी काय बोलते, ह्याची कोष्टके केली तर ह्या दोहोंतील एक गृहीतक बाद करता येईल, किंवा दोन्ही. ते काम वही घेऊन पायी करावयाचे आहे, आणि ज्या आज्यांच्या तोंडी बोलीची जुनी रूपे अजून आहेत त्या असेपर्यंतच ते होऊ शकते.